भुसारीकाकांची टेस्ट ड्राइव्ह

माझे सासरे गेले त्या सकाळी चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरासमोर शववाहन येऊन उभं राहिलं. माणसं माना खाली घालून उभी होती. आतून सासूबाईंचे हुंदके ऐकू येत होते. आणि त्या शांततेत शेजारच्या भुसारीकाकांचा खणखणीत आवाज आला, "भैया, ये कितना देती है?"

ड्रायव्हरला वाटलं, काका भाड्याचं विचारताहेत. तो हात जोडून म्हणाला, "जो आपकी श्रद्धा, बाबूजी."

"अरे पैसे नहीं पूछ रहा. अ‍ॅव्हरेज! अ‍ॅव्हरेज कितना देती है?"

ड्रायव्हर प्रामाणिक माणूस. त्यानं क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "वो तो लोड पर है."

माझे सासरे अंगानं चांगले भरभक्कम होते. सगळ्यांची नजर एकदम तिरडीकडे गेली. माझ्या दोन चुलतदिरांना एकाच वेळी खोकल्याची उबळ आली. मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, सुनेला रडू आवरत नाही. मला खरं तर लाजेनं मरून जावंसं वाटत होतं, पण त्या दिवशी आमच्या घरात तेवढीही सोय नव्हती.

तर असे आमचे मनोहर भुसारी. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले, मूळचे वर्ध्याकडचे, उंच, काटक, इस्त्रीच्या शर्टाशिवाय फाटकापर्यंतही न येणारे. दिवसभर फाटकाशी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि गल्लीतून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात. स्वतःकडे एक जुनी स्कूटर. ती रोज सकाळी आडवी-तिडवी झुकवल्याशिवाय आणि दोन शिव्या खाल्ल्याशिवाय सुरू होत नाही. मोटार त्यांनी जन्मात घेतली नाही. पण मोटारींबद्दल, आणि त्यातही मोठ्या सेडान गाड्यांबद्दल, त्यांच्याएवढं ठाम मत अख्ख्या रायपुरात कुणाचं नसेल.

"डिक्की मागं पाहिजे, इंजिन पुढं पाहिजे आन् माणूस मधात पाहिजे," असं ते म्हणतात. "बाकीचे सारे टेम्पो."

हल्लीच्या उंच गाड्या त्यांच्या खिजगणतीत नाहीत. आमच्या समोरच्यांनी तसली एक घेतली, पेढे वाटले. काकांनी पेढा घेतला आणि विचारलं, "चढाची शिडी कंपनी देते का वेगळी घ्या लागते?"

मोठ्या गाड्यांची तुलना ते जावयांसारखी करतात. "जपानी जावई कमी खाते आन् त्याहून कमी बोलते. पाहिजे तेवढी वर्षं चालवा, कुरकुर नाई. पण फ्लायओव्हरवर पाय दाबला का नुसता आरडते, पळत नाई. जर्मन जावई ताकदीचा. असा खेचते का पाठ सीटले चिकटते. पण एकदा का बिमार पडला, त सासऱ्याचं घर विकाले निघते. आन् कोरियन? लय दागिने घालून येते बाप्पा. छत उघडते, सीट थंडी होते, आरसा आपोआप मिटते. पोरगी खूश. पण पैसा वसूल झाला का नाई, हे चार वर्षांनी विकाले गेल्यावर समजते."

"मग काका, यातला चांगला कोणता?"

"ते पोरीवर आहे," म्हणतात, आणि पुढच्या गाडीच्या आवाजाकडे कान लावतात.

हे ऐकायला मजा येते, पण ते आपल्या पाहुण्याला ऐकवलं नाही तोवरच. एकदा नवा रायपूरला मीटिंग लांबली म्हणून आमच्या साहेबांनी मला त्यांच्या नव्याकोऱ्या काळ्या सेडानमधून घरी सोडलं. मी म्हटलं, सर, चहा घेऊनच जा. साहेब उतरतात तो काका बॉनेटवर हात ठेवून उभे. डॉक्टर पोराला तपासतात तसे.

"साहब, शहर में कितना देती है?"

"पंद्रह," साहेब कौतुकानं म्हणाले.

काकांच्या चेहऱ्यावर खरीखुरी दया आली. "स्क्रीन दिखाती है, कि टंकी फुल कर के देखा?"

साहेबांनी टाकी भरून बघितलेली नव्हती. मग काकांनी बॉनेट उघडायला लावलं, आत वाकून बघितलं आणि हळूच म्हणाले, "इतने पैसे में तो बड़ा इंजन आ जाता था. घर में किसी ने रोका नहीं आपको?"

साहेब चहा न घेता गेले. आठवड्याभरानं त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी घाबरत गेले. फाइल बाजूला सारून ते म्हणाले, "वो आपके अंकल... टंकी फुल कर के देखा. ग्यारह निकला." त्यानंतर मला कधी लिफ्ट मिळाली नाही.

आता काकूंबद्दल सांगायला हवं. लीलाकाकू म्हणजे एकेकाळी कॉलोनीतला सगळ्यात मोठा आवाज. हळदीकुंकवाला उखाणे त्यांचे, भजनात पहिली ओळ त्यांची, भाजीवाल्याशी भांडण त्यांचं. मग त्यांना लकवा मारून गेला. डावा पाय ओढत चालायला लागल्या, तोंड एका बाजूला थोडं खाली आलं आणि शब्द जिभेवर अडायला लागले. सुरुवातीला बायका भेटायला जायच्या. काकू पदर अर्ध्या तोंडावर ओढून बसायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्यांना स्वतःच्या चेहऱ्याची लाज वाटायची, हे सगळ्यांना दिसायचं. मग हळूहळू बायकांचं जाणं कमी झालं आणि काकूंचं बाहेर येणं पार थांबलं. रविवारी तेवढं काका त्यांना रिक्षात घालून कुठेतरी न्यायचे. आम्हाला वाटायचं, मालिशवाल्याकडे नेत असतील.

माझे मिस्टर बदलीच्या गावी आणि मला रोज नवा रायपूर गाठायचं, म्हणून या वर्षी मी छोटी गाडी घ्यायचं ठरवलं. ही बातमी काकांपासून लपवायची असंही ठरवलं होतं. पण फाटकाशी बसलेल्या माणसापासून काय लपतं?

"छोटी काहून घेऊन राहिली, वंदना?"

"काका, मला एकटीला चालवायची आहे. पैसेही तेवढेच आहेत."

"हव. पण पाहाले काय जाते? मोठी पाहिल्याशिवाय छोटीची किंमत समजत नाई. रविवारी मी येतो. आन् काकूलेही घेऊ संग."

काकूंना कशाला, हे मला कळेना. पण काका इस्त्रीचा सफारी घालून आले आणि मागून काकू, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, केसात गजरा. नाही म्हणायला जीभ उचलेना. आम्ही तिघं रिक्षानं तेलीबांधा तलावापुढच्या एका शोरूमला गेलो.

आत काचेचं दार, थंड हवा, मधोमध एक पांढरी शुभ्र सेडान. सेल्सच्या मुलीनं हसून दार उघडलं. काका लगेच कामाला लागले. टॉर्क किती, गिअर कुठला, हायवेला अ‍ॅव्हरेज किती, पाच वर्षांनी विकली तर हातात काय येतं. मुलगी बिचारी नवी होती, सगळं नीट सांगत होती. मध्येच काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मैडम को लेना है. टॉप मॉडल."

माझ्या पायाखालची टाइल सरकली. त्या गाडीच्या किमतीत मला हवी होती तशा दोन आल्या असत्या. मी काही बोलणार तोवर काकांनी मागचं दार उघडून काकूंना अलगद आत बसवलंही होतं. पाठ आधी टेकवायची, मग उजवा पाय, मग दोन्ही हातांनी उचलून डावा. सेडान खाली असते, दार रुंद उघडतं, त्यामुळे ते जमत होतं. हातांना त्याची सवय झालेली दिसत होती.

तेवढ्यात मॅनेजर आला. काकांना बघताच त्याचं हसू गेलं.

"अंकलजी, फिर आ गए आप?"

काका काकूंच्या बाजूचं दार धरून उभे राहिले.

"हर महीने आते हैं. कभी भतीजे के लिए, कभी दामाद के लिए. सामने वाले शोरूम में भी यही, उसके बगल में भी यही. आंटीजी को बिठाकर पूरा तालाब घुमा लाते हैं. ये टेस्ट ड्राइव है अंकल, सैर-सपाटा नहीं." मग माझ्याकडे वळून, "आज आपका बहाना है क्या, मैडम?"

शोरूममधली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. सोफ्यावर बसलेल्या एका कुटुंबानं तर मोबाइल खाली ठेवले. कुणीतरी हसलं. माझे कान तापले. काकांकडे बघवेना, मॅनेजरकडे बघवेना, म्हणून मी गाडीच्या चाकाकडे बघत उभी राहिले.

"प्लीज़, उतर जाइए," मॅनेजर म्हणाला.

पण काकू पटकन उतरू शकत नव्हत्या. काकांनी वाकून त्यांचा डावा पाय उचलला, बाहेर ठेवला. मग उजवा. चप्पल आत राहिली, ती काढली. गजरा दाराला अडकून तुटला. काकूंनी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

"सॉरी," काका मॅनेजरला म्हणाले. इतका बारीक आवाज त्यांचा असू शकतो हे मला माहीत नव्हतं.

बाहेर रिक्षा मिळेना. आम्ही हळूहळू चालत तेलीबांधा तलावाच्या काठाशी आलो आणि एका बाकावर बसलो. मी मधे, ते दोघं दोन बाजूंना.

"काका, काकूंना फिरवायचंच असतं तर टॅक्सी करायची ना," शेवटी मी म्हटलं. "हे कशाला?"

"टॅक्सीत नाई बसत ते. तिचं असं आहे वंदना, का तिले..." काका थांबले. त्यांनी माझ्या पलीकडे काकूंकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि म्हणाले, "तूच सांग."

काकूंनी पदर खाली केला. मी त्यांचा चेहरा किती दिवसांनी सरळ बघत होते.

"दवाखान्यात..." काकू म्हणाल्या. पुढचा शब्द यायला वेळ लागला. तलावातल्या दोन बोटी आमच्यासमोरून गेल्या. "डॉक्टर मले... विचारे. कुठं... दुखते. आन् हे... सांगे."

काका चपलेच्या अंगठ्यानं फरशीवर काहीतरी घासत होते.

"पाहुणे येत." काकूंनी काकांकडे बोट केलं. "यायलेच... विचारे. काकू... जेवते का. काकू... झोपते का. मी... तिथंच." काकूंनी छातीवर हात ठेवला. "टॅक्सीवाला बी... यायलेच विचारते. माताजीले... उलटी त नाई होणार?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी. काकूही एका बाजूनं हसल्या.

"मग भाच्यानं... गाडी पाहाले नेलं. तिथली पोट्टी... मले म्हणे, मैडम, आपको कैसा लगा?" हे हिंदी वाक्य मात्र काकूंनी न अडखळता म्हटलं. ते त्यांनी मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं असावं. "मी... सांगत होतो. ते... थांबली. सारं होईस्तोवर... थांबली."

"अर्धा तलाव फिरून झाला तेव्हा हिचं एक वाक्य झालं," काका खालच्या मानेनं म्हणाले. "म्हणे, गाडीत पाय लांब करता येते. दवाखान्यातून आल्यापासून तेवढं मोठं वाक्य बोललीच नोती. आन् मी बाजूले बसून आयकून राहिलो, का आपण एवढे दिवस हिले बोलूच दिलं नाई. आपल्याले घाई कायची होती? रिटायर माणूस मी." त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मग म्हटलं, विकणारे त विचारतेच. त्यायचं कामच आहे. जाऊ दर रविवारी. गाडी घ्याची ऐपत नाई, हे लपवाले मंग ते इंजिन न् अ‍ॅव्हरेज सारं शिकलो. शिकता शिकता नादच लागला."

ते बोलत असताना काकूंनी माझ्या मांडीवरून हात नेऊन त्यांच्या सफारीच्या बाहीवरची गजऱ्याची पाकळी काढून टाकली.

मी पुढच्या महिन्यात छोटीच गाडी घेतली, दुसऱ्या शोरूममधून. काकांनी तिचं इंजिन ऐकलं आणि मोठ्या मनानं "ठीक आहे" म्हणाले. पहिल्या रविवारी मी काकूंना पुढे बसवलं. काका मागे, गुडघे छातीशी घेऊन.

कॉलोनीच्या बाहेर पहिल्याच सिग्नलला मी विचारलं, "काकू, कुठे जायचं?"

मागून काकांनी तोंड उघडलेलं मला आरशात दिसलं. मग ते तसंच मिटलं. ओठ दाबून, दोन्ही हात मांडीखाली घालून ते बसून राहिले. एवढं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नसेल.

"बुढापारा मोहल्ल्यात..." काकू म्हणाल्या. "आम्ही... लग्न झाल्यावर..."

सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्न सुरू झाले. एक, मग चार, मग सगळेच. मी गिअरकडे हात नेला आणि परत घेतला. हॉर्न वाढले. काकू बावरून थांबल्या, त्यांचा हात पदराकडे गेला.

तशी मागची काच खाली झाली. काकांनी अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "रुको न भैया! मैडम बोल रही हैं!"

कुणीतरी शिवी दिली. कुणीतरी बाजूनं निघून गेलं. सिग्नल पुन्हा लाल झाला. काकू अजून बोलत होत्या.