आपांचे दोन दिवस

"हे काय बांधून आलीस?" बातमा आपांनी सुनेला दारातच अडवलं.

कुंदूजने झगा जरा वर करून दाखवलं. मांडीला रुंद पट्टा, पट्ट्यावर आगपेटीएवढी डबी. "दवाखान्यातून दिलीय, आपा. न्हाण्यापुरती सोडली तर सात दिवस काढायची नाही. माणूस किती चालतं, किती बसतं, किती झोपतं ते सगळं टिपते. माझ्यासारख्या मधुमेहवाल्यांची पाहणी चाललीय."

"किती बसतं?" आपांनी नेमकं तेवढंच उचललं. "म्हणजे तू बसतेस ते आता अख्ख्या नारीन गावाला कळणार!"

कुंदूजला टाइप वन मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली होती. इन्सुलिन दिवसातून चारदा, बोटाला टोचणं आठ-दहादा. बोटांची टोकं शिवणकामाच्या उशीसारखी झालेली. दवाखान्यातल्या जिपारा डॉक्टरांनी कबूल केलं होतं, की नोंद नीट आली तर दंडाला चिकटवायचा सेन्सर वर्षभर फुकट मिळेल. साखर घसरली की तो आपणहून ओरडतो. "पाच दिवसांची नोंद आली तरी पुरेल. पण संशय आला तर सगळीच्या सगळी बाद," असंही त्या म्हणाल्या होत्या. कुंदूजला तो सेन्सर हवा होता. झोपेत साखर घसरली आणि जागच आली नाही, तर कुशीतल्या दीड वर्षाच्या लेकीला सकाळी कोण उचलणार, या विचाराने ती झोपेतही एक डोळा उघडा ठेवायची.

सोमवार ते शुक्रवार डबीने इमानेइतबारे काम केलं. पहाटे गाय, मग चहाचा समोवर, मग भाकऱ्या, मग पाहुणे. या घरात पाहुणे कधी संपत नसत. पाहुण्याचा चहाचा पियाला अर्धाच भरायचा असतो, संपला की पुन्हा अर्धा. काठोकाठ भरला तर "आता निघा" असा अर्थ होतो. म्हणून पाहुणा बसलेला आणि सून उठलेली, असा रिवाज. एवढ्या धावपळीत ती कधी उंबऱ्यावर टेकून बोटाला टोचून घ्यायची. आपांना दिवसभरात तेवढंच दिसायचं.

"बसली बघा पुन्हा!" त्या पाहुण्यांना सांगत. "आमच्या वेळी सुनांना गुडघे वाकवायलासुद्धा सवड नव्हती."

शनिवारी सकाळी कुंदूज न्हाणीघरात गेली आणि डबी खुंटीला अडकवून ठेवली. बाहेर आली तर खुंटी रिकामी. आपा गादीवर बसून, झगा वर खोचून, पट्टा मांडीभोवती ओढत होत्या. पट्टा पुरत नव्हता.

"आपा, अहो, ते दुसऱ्याने घालायचं नसतं!"

"दुसऱ्याने? मी दुसरी का? धर हे टोक, ओढ." पट्टा एकदाचा चिकटला. "पाच दिवस तू काय दिवे लावलेस ते देव जाणे. आता दोन दिवस घरातल्या कष्टाळू बाईचं माप जाऊ दे. आकडे जरा सावरतील. या घरात आल्यापासून माझी पाठ टेकली नाही. आहे का कुणाला त्याचं काही?"

"डॉक्टरांना कळलं तर सेन्सर मिळायचा नाही हो."

"डबीला काय डोळे आहेत, मांडी कुणाची ते बघायला?"

कुंदूजने नवऱ्याकडे पाहिलं. उलान बूट घालत होता. ते तो बराच वेळ घालत राहिला. "आई आहे," तो बुटाकडे बघत म्हणाला. "मी काय बोलणार?"

शनिवारी आपांनी गादीवरून घर चालवलं. "सूनबाई, चहा! सूनबाई, ती उशी! सूनबाई, लेक रडतेय, ऐकू येत नाही का?" रविवारी शेजारच्या लग्नाचं जेवण होतं. तिथे त्या मानाच्या जागी सहा तास बसल्या आणि घरी येऊन, दमल्या म्हणून, दोन तास झोपल्या. उठल्यावर डबीवर हात फिरवून म्हणाल्या, "आजचा दिवस बघून डॉक्टरीण थक्क होईल."

सोमवारी त्या मुद्दाम दवाखान्यात बरोबर गेल्या.

डॉक्टरांनी कागद टेबलावर पसरला आणि त्या खरंच थक्क झाल्या. "पहिले पाच दिवस बसणं रोज जेमतेम अडीच तास. झोप पाच तास, तीही तुकड्यातुकड्यांत. अगं, असं कसं चालेल? आणि हे काय? शनिवारी बसणं तेरा तास! रविवारी चौदा! झोप नऊ!" त्यांनी चष्मा काढला. "चौदा तास बसायला माणूस आहे की पोतं?"

आपा खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघू लागल्या.

"हे दोन दिवस तुझे नाहीत, कुंदूज. कुणाचे आहेत ते सांग, नाहीतर मला सगळीच नोंद बाद करावी लागेल."

कुंदूजने मान खाली घातली. सासूचं नाव सुनेने घेऊ नये, हा रिवाज तिला आयुष्यात पहिल्यांदा इतका महाग पडत होता. बोटांची टोकं ती एकमेकांवर घासत राहिली. आपांची नजर डोंगरावरून त्या बोटांवर आली आणि तिथेच अडकली.

"माझे," आपा म्हणाल्या.

"काय म्हणालात?"

"माझे म्हटलं! ओरडायला लावता का? बाहेर रांग आहे," आपा ओरडल्या. रांगेने ऐकलं. "गुडघे दुखतात माझे. आणि लग्नात काय उभ्याने जेवायचं?"

डॉक्टरांनी दोन दिवसांवर काट मारली, पाचांवर सही केली, कुंदूजच्या दंडाला सेन्सर लावला आणि वेगळ्या चिठ्ठीवर आपांसाठी लिहिलं: दर अर्ध्या तासाने उठणे.

दुपारी पाहुण्या आल्या. कुंदूज समोवरकडे वळली तोच दंडावरच्या सेन्सरने फोनमधून टाहो फोडला. साखर घसरली होती.

"बस खाली!" आपा कण्हत उठल्या. साखर घातलेला चहा त्यांनी सुनेच्या हातात दिला आणि पाहुण्यांना ऐकवलं, "बघा हो, या वयात माझ्या नशिबी हे. डॉक्टरांचा हुकूम आहे. दिवसभर बसू म्हणून देत नाहीत मला."

पाहुण्या हळहळल्या. कुंदूज गादीवर मांडी घालून बसली, लेक मांडीत आली. चहा गरम होता. या घरात तिने गरम चहा कधी प्यायला होता, ते तिला आठवेना. सवयीने आपांनी पियाला अर्धाच भरला होता.

तो सावकाश संपवून, फोनमधली साखर वर आलेली बघून, तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि रिकामा पियाला पुढे केला.

"आपा, अर्धा तास झाला."