दगडूअण्णांची लाकडी कौलं

दगडूअण्णा आमची बेल कोपराने वाजवतात. त्यांचे हात मनगटापर्यंत लाल असतात, आणि तरी दारावरचे डाग पुसून मी आता दमले आहे.

भोरला आमच्या शेजारी राहणारे हे सत्तरीचे गृहस्थ आईस्क्रीमच्या काड्या नखाएवढ्या कापून कौलं करतात. ती कापडाच्या रंगात उकळायची, वर्तमानपत्रावर वाळवायची आणि खोक्याएवढ्या घरावर एकेक चिकटवायची. वेल्ह्याच्या डोंगरात त्यांचं घर होतं, अगदी तसं. फणसाखालची कौलं काळपट हवीत म्हणून तेवढी तीनदा रंगवली. कधी होणार विचारलं की, "घाई न्हाई. छप्पर हाय ते."

रंग मात्र साऱ्या जिन्याला. कठडा, नळ, माझं दुधाचं पातेलं. शेवटी मी यादीच लिहून दिली. एक, हाताला खोबरेल तेल चोळा. दोन, साबण. तीन, लिंबू आणि मीठ. कापलं असेल तर नको. चार, रबरी हातमोजे. मोजे मीच आणून दिले.

दुसऱ्या दिवशी मोजे परत. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"होत नाहीत का?"

"व्हत्यात की."

"मग?"

अण्णा पायरीकडे बघत राहिले. "ताई, त्ये घर म्या हिला न इचारता इकलं. तवापासनं ही धड बोलंना. पर सांजच्याला हात लाल दिसलं की लिंबू घेऊन बसती. घासती आन् शिव्या घालती. मोजं घातल्यावर कशाला बसंल?"

मी मोजे ठेवून घेतले आणि कठडा पुसायला गेले.

गेल्या आठवड्यात छप्पर पुरं झालं. मी बघायला गेले. अण्णा स्वच्छ हात मांडीवर ठेवून, निकालाला आल्यासारखे बसले होते. त्यांच्या पत्नी, बायजाकाकू, पाठमोऱ्या शेंगा फोडत होत्या. मी कौतुक केलं. काकू शेंगा फोडतच राहिल्या. मी निघाले.

तेवढ्यात काकू उठल्या. घराभोवती एक फेरी मारली, वाकून मागची बाजू बघितली.

"गोठा कुठंय? जनावरं काय पावसात बांधायची?"

अण्णांनी उरलेल्या काड्या पुढे ओढल्या. "कितींचा करू?"

"पाच. इसरलात व्हय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "तुज्या तोंडनं ऐकायचं हुतं."