अस्सल टोपणं

"या वर्षी मांडव उघडणार म्हणजे उघडणार! आणि तोही अस्सल टोपणांवर!"

हार्लन टोलेफ्सननं हे असं काही ठणकावून सांगितलं की फ्रिजवर झोपलेलं मांजर उठून बाहेर निघून गेलं. बायको मात्र जागची हलली नाही. आर्लिस बटाटे सोलत होती. हातातला बटाटा तिनं पाण्यात टाकला आणि म्हणाली, "उघड बाबा. मी काही त्याच्याखाली बसणार नाहीये."

इथंच तर घोडं पेंड खात होतं!

हार्लनकडं एक जुना ट्रेलर होता. मोटारीमागं जोडून न्यायचं चाकांवरचं घरच ते. वडिलांनी घेतलेलं, आणि लग्न झाल्यावर दोघं त्यातूनच तळ्याकाठी फिरायला गेलेले. दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले असले जुने ट्रेलरवाले जत्रेच्या मैदानात जमायचे. तिथला रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. दारावरचा कापडी मांडव उघडा दिसला की या, बसा, सॉसेज खा, बिअर घ्या. मांडव गुंडाळलेला दिसला की दार वाजवायचं नाही. हा मांडव एका लांब नळीवर गुंडाळलेला असतो. नळीच्या पोटात एक जबरदस्त स्प्रिंग असते आणि तिला दोन्ही टोकांची ओतीव टोपणं कशीबशी आवरून धरतात. टोपण गेलं की स्प्रिंग सुटली. आणि स्प्रिंग सुटली की खाली जो असेल त्यानं देवाचं नाव घ्यायचं!

मागच्या उन्हाळ्यात खाली आर्लिस होती. हातात बटाट्याच्या सॅलडचं भलंमोठं पातेलं, समोर पाहुणे, आणि कडाड्! नळी गरगर फिरत खाली आली, कापड आर्लिसभोवती गुंडाळलं गेलं आणि तिला सोडवायला चारपाच जण धावले. सुटली तेव्हा तिच्या केसांतून उकडलेल्या अंड्याचे तुकडे ओघळत होते. आणि नवरा कुठं होता? नवरा गवतात गुडघ्यांवर रांगत होता!

"सापडला! टोपणाचा तुकडा सापडला! अस्सल आहे गं, टाकून कसं चालेल?"

आर्लिसनं केसांतलं अंडं काढलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "हार्लन, तुझ्या या ट्रेलरात मी पुन्हा पाय ठेवणार नाही."

ती ओरडली असती तर हार्लनला काही वाटलं नसतं. ओरडणं संध्याकाळपर्यंत निवायचं. पण ती हळू बोलली, म्हणजे ते कायमचं होतं. आर्लिसशिवाय मांडवाखाली बसायचं तर मांडव हवाच कशाला?

दुसऱ्या कुणी सरळ नवा मांडव आणून लावला असता. शेजारचा डेल्बर्ट तर रोज बजावायचा, "नवा घे की लेका! बायको जाईल एखाद्या दिवशी टोपणापायी!"

"नवा?" हार्लन असा बघायचा जणू कुणी त्याला नवी आई आणायला सांगितलंय. "अरे, जुन्या वस्तूला जुनाच भाग हवा. अस्सल वस्तू मूळ जागीच शोभते. गंज म्हणजे तिच्या वयाचा मान! आजकालचे लोक बघ, दिसला जुना ट्रेलर की फास रंग! आजोबांच्या पिकल्या मिशीला लिपस्टिक लावतात मेले!"

हे त्याचं तत्त्वज्ञान. शिवाय मेळाव्यात सुट्या भागांना पाय फुटतात, म्हणून आपल्या प्रत्येक भागावर त्यानं एच टी अशी अक्षरं कोरून ठेवली होती. फुटक्या टोपणांवरसुद्धा. फुटकी टोपणं कोण चोरणार, हे विचारायची सोय नव्हती.

टोपणं बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. हिवाळाभर हार्लन फोनला चिकटून बसला. कुठल्या कुठल्या राज्यांतल्या म्हाताऱ्यांना झोपेतून उठवून विचारायचा, "डावं असलं तरी चालेल, आहे का हो?" म्हातारे फोन आपटायचे. इकडं आर्लिस मात्र चर्चमधल्या बायकांबरोबर गोधडी शिवायला जायला लागली होती. घरी यायची ती मोठ्या खुशीत, कधी कोपराला निळा डाग, कधी नाकावर पिवळा.

"गोधडी कुठवर आली?" हार्लन एकदा फोनवर हात ठेवून म्हणाला.

"रंगात आलीय," आर्लिस म्हणाली.

गोधडी शिवताना नाकाला रंग कसा लागतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. डोक्यात टोपणं होती ना!

शेवटी मेळावा तोंडावर आला आणि डेल्बर्टनंच बातमी आणली. पलीकडच्या गावात नॉर्बर्ट नावाचा शेतकरी होता. तो आपल्या शेडात लोकांच्या बोटी अन् ट्रेलर भाड्यानं ठेवायचा. कुणीतरी एक ट्रेलर तिथंच टाकून परागंदा झाला होता आणि नॉर्बर्टला त्याची धोंड झाली होती. हार्लननं लगेच फोन लावला.

"हो हो, शेडच्या मागं आहे ते भंगार!" नॉर्बर्ट ओरडला. मागं गाई हंबरत होत्या. "काय हवं ते काढून न्या! मी धारा काढतोय, मला सोबतीला यायला वेळ नाही!" आणि फोन बंद.

हार्लन तिथं पोचला, शेडच्या मागं गेला आणि थबकला. ट्रेलर दोन होते!

पहिला शेवाळानं हिरवागार. पत्रा गंजलेला, एक चाक मातीत रुतलेलं, खिडकीत गांधीलमाश्यांचं पोळं, आणि छताच्या खोबणीत चक्क मेपलचं रोप उगवलेलं. दुसरा होता निळा, आकाशासारखा निळा! वर पिवळा पट्टा, खिडक्यांना चौकड्यांचे पडदे. रंगाचा वास अजून येत होता. आणि दोघांच्याही मांडवाला तीच, अगदी तीच टोपणं!

आता शेंबड्या पोरालाही कळलं असतं की यातलं भंगार कुठलं. पण हार्लन काही शेंबडं पोर नव्हता, तो जाणकार होता! शेवाळलेल्या ट्रेलरपुढं त्यानं टोपी काढली. "वा! कुणी हात लावलेला नाही! असं रत्न आता बघायला मिळत नाही!" मग तो निळ्याकडं वळला आणि त्याचं तोंड कडू झालं. "अरेरे, वाट लावली बिचाऱ्याची! याचं आता भंगारच होणार!"

जवळ जाऊन बघतो तर काय, टोपणांवर फुलं काढलेली! पांढऱ्या पाकळ्या आणि मधे पिवळा ठिपका!

"ओतीव टोपणावर डेझीचं फूल?" हार्लन एकटाच किंचाळला. "ज्यानं हे केलं त्याचे हात कलम करायला हवेत!"

पडद्याचं कापड कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं खरं. आपल्या स्वयंपाकघरात असंच काहीसं आहे, असाही एक विचार येऊन गेला. पण असल्या विचारांना त्या घडीला कोण विचारतो?

त्यानं स्प्रिंगला खीळ घालून जपून दोन्ही टोपणं उतरवली. उघडी नळी बघवेना, म्हणून नमुन्याला आणलेली आपली फुटकी, चिकटवलेली टोपणं तिथं बसवून स्प्रिंगला वेढेही दिले. भंगार झालं म्हणून काय, त्याची अब्रू झाकायला नको? जाताना त्यानं स्वतःची चांगली ताडपत्री शेवाळलेल्या रत्नावर पांघरली, दोऱ्या बांधल्या आणि पत्र्यावर हलकेच थोपटलं. घरी येऊन थिनरनं ती फुलं अशी घासून काढली की रंगाचा एक कण राहिला नाही.

मेळाव्याच्या दिवशी हार्लनचा मांडव सर्रकन उघडला आणि नीट उभा राहिला. डेल्बर्टनं शिट्टी मारली. हार्लननं मांडवाखाली दोन खुर्च्या मांडल्या, एकीवर स्वतः बसला आणि दुसरीकडं बघून घरी फोन लावला. म्हणणार होता, 'ये गं, टोपण धरतंय!' पण फोन वाजत राहिला. घरी कुणी उचलेना. शेजारची जागा कुणीतरी राखून ठेवली होती आणि तीही रिकामीच होती. एवढा झोकात मांडव, पण हार्लनला काही बरं वाटेना.

तेवढ्यात फाटकातून एक ट्रेलर आत आला. आकाशी निळा!

हार्लनच्या हातातली बिअर मांडीवर सांडली. "डेल्बर्ट! अरे, ते भंगार चालतंय!"

"कुठलं भंगार?"

निळा ट्रेलर डुलत डुलत थेट त्यांच्याकडंच आला. पुढची गाडी वळली, आणि ट्रेलर एकाच दमात, मागं न बघता, शेजारच्या जागेत लोण्यात सुरी जावी तसा मागं सरकला. हार्लनला उभ्या जन्मात हे जमलं नव्हतं! गाडीचं दार उघडलं आणि उतरली कोण?

आर्लिस!

"तू?" हार्लनच्या तोंडून एवढंच निघालं.

"मी!" आर्लिसचा चेहरा फुलून आला होता. "तुझ्या ट्रेलरात पाय ठेवणार नाही म्हटलं होतं. येणार नाही असं कुठं म्हटलं होतं? तू टोपणाची वाट बघत जन्म काढशील, मला तुझ्याशेजारी याच जन्मी बसायचं होतं. म्हणून घेतला माझा माझा! हिवाळाभर रंगवलाय!"

"गोधडी..." हार्लन पुटपुटला.

"कसली गोधडी घेऊन बसलास! या रे सगळे, बघा माझा मांडव!"

लोक जमले. आर्लिसनं टेबल मांडलं, त्यावर बटाट्याच्या सॅलडचं पातेलं ठेवलं आणि मांडवाचा पट्टा हातात घेतला.

"थांब!" हार्लन ओरडला. "आर्लिस, ओढू नको!"

"का? माझा उघडलेला बघवत नाही?" आणि तिनं झटक्यात ओढला.

कडाड्! एक टोपण फुटलं, स्प्रिंग भिरभिरली, नळी नाचत खाली आली आणि आर्लिस पुन्हा, अगदी मागच्या वर्षीसारखीच, कापडात गुंडाळली गेली! टोपण हवेत उडालं, गिरकी घेतली आणि थप्पकन सॅलडच्या मधोमध बसलं.

कापडाच्या वळकटीतून आर्लिसचं डोकं बाहेर आलं. खरचटलं काही नव्हतं. तिनं हात लांब करून सॅलडमधून टोपण उचललं, बोटानं अंडं पुसलं आणि वाचलं, "एच टी."

मग तिनं मान वळवून हार्लनच्या मांडवाकडं पाहिलं. तिथली टोपणं लख्ख चमकत होती.

"यांच्यावर फुलं होती," ती म्हणाली. परत त्याच हळू आवाजात.

हार्लन चाचरला. "मला वाटलं... नॉर्बर्ट म्हणाला भंगार..." बोलता बोलता त्याला नॉर्बर्टच दिसला. आर्लिसनं हिवाळाभर ट्रेलर त्याच्याकडंच ठेवला होता, म्हणून त्याला मुद्दाम बोलावलं होतं, आणि तो सॉसेज खात गर्दीतून पुढं येत होता.

"अहो, फोनवाले तुम्हीच ना?" नॉर्बर्ट म्हणाला. "मला वाटलं, आलाच नाहीत! त्या शेवाळलेल्याला तर तुम्ही हातही लावला नाहीत. काल बोलावली क्रेन अन् धाडला भट्टीत. टोपणंबिपणं, सगळ्यासकट! वर कुण्या वेड्यानं कोरी ताडपत्री बांधली होती, तीही गेली."

"भट्टीत?" हार्लननं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मेपलच्या रोपासकट? कुणी हात न लावलेला! अरे देवा, अस्सल होता हो तो!" आणि एवढा बाप्या माणूस हमसून हमसून रडायला लागला.

"हार्लन," आर्लिस वळकटीतून म्हणाली, "मी अजून आत आहे."

हार्लननं बाहीनं डोळे पुसले. मागच्या वर्षी आपण टोपण शोधत होतो, या वर्षी भंगारासाठी रडतोय, आणि दोन्ही वेळा बायको कापडात! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धावला आणि या खेपेला त्यानं एकट्यानं तिला सोडवलं. तिच्या केसांतलं अंडंही काढलं.

"मला सोड तू," तो म्हणाला. "नाही, म्हणजे सोडू नको. मला अक्कल नाही गं."

"ते जगजाहीर आहे," आर्लिस म्हणाली. "तुझं ते तत्त्व काय होतं? अस्सल वस्तू मूळ जागीच शोभते. बरोबर?"

हार्लननं मुकाट्यानं पाना उचलला. स्वतःचा मांडव गुंडाळून बांधला, टोपणं उतरवली आणि आर्लिसच्या नळीवर बसवली. निळा मांडव उघडला आणि टिकला. लोकांची रीघ लागली. हार्लनच्या बंद ट्रेलरकडं कुणी फिरकलंही नाही. आर्लिसनं त्याच्याकडची रिकामी खुर्ची उचलून आणली, आपल्या खुर्चीशेजारी ठेवली आणि तिच्यावर हार्लनला बसवलं. हार्लन ऐसपैस टेकला. मिटलं एकदाचं!

मग तिनं त्याच्या हातात एक बारीक कुंचला दिला आणि पुढ्यात पांढऱ्या रंगाची डबी ठेवली.

"फुलं," ती म्हणाली.

सगळा मेळावा बघत होता. डेल्बर्ट तर खुर्चीच ओढून बसला. हार्लन शिडीवर चढला, कुंचला बुडवला, टोपणापाशी नेला आणि तिथंच अडला. कपाळाला आठी पडली.

"आता काय झालं?" आर्लिसनं खालून विचारलं.

"पाकळ्या किती होत्या?" हार्लन कळवळून म्हणाला. "मुळात होत्या तेवढ्याच काढायला हव्यात ना गं!"