वडीलधारी गळती

आमच्या बोटीच्या इंजिनातली तेलगळती वयाने माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी असल्यामुळे तिच्यासमोर मला बसता येत नाही. मी बावीसचा, ती सत्तावीसची. तिला अहोजाहोही करावं लागतं, म्हणून इथून पुढे ‘त्या’ असंच लिहितो.

बोटीचं नाव सातेरीप्रसाद. इंजिनघराची उंची साडेचार फूट, माझी पाच फूट आठ इंच. त्यामुळे गळतीबाईंसमोर उभं राहायचं म्हणजे हनुवटी छातीला लावून, पाठ वरच्या फळ्यांना टेकवून, गुडघे वाकवून. गुडघे फार वाकले तर ते बसणं धरलं जातं.

हा आमच्या बंदरातल्या मच्छीमार सोसायटीचा नियम क्रमांक चार: आपल्याहून वयाने मोठं जे काही असेल त्याच्यासमोर बसू नये, त्याच्याकडे बोट दाखवू नये, त्याला हात लावू नये. इंजिन पस्तीस वर्षांचं आहे, पण त्याला हा नियम लागत नाही. इंजिन काम करतं, आणि काम करणाऱ्याला वय नसतं, असा ठरावच आहे. तो कोणी मांडला असेल ते सांगायला नको. काम न करणाऱ्यांनीच.

गळतीबाई सोसायटीच्या सभासद आहेत. सभेत पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची असते आणि त्या वेळेवर येतात. ठराव मांडला की खुर्चीखाली तेलाचा एक थेंब पडतो. थेंब म्हणजे होकार. सचिव मुणगेकर तो वहीत लिहून घेतात. सत्तावीस वर्षांत अध्यक्षांच्या एकाही ठरावाला थेंब पडला नाही असं झालेलं नाही. अध्यक्ष म्हणजे आमचे थोरले चुलते, आबाकाका. वय त्रेसष्ट. पांढरा शर्ट, खिशाला पेन. पेन कधी उघडलेलं मी पाहिलं नाही.

यंदा मार्चमध्ये भर समुद्रात ऑईल प्रेशरचा काटा खाली बसला. माझा मोठा भाऊ रुपेश बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान. त्याने इंजिन बंद केलं, झाकण उघडायला गेला आणि डाव्या तळहाताची कातडी इंजिनालाच चिकटून राहिली. पाच माणसं दोन दिवस वाहत होती. वारा जमिनीकडचा होता म्हणून खडकावर गेली नाहीत. ऑगस्टमध्ये वारा उलटा असतो. एक ऑगस्टला मासेमारी उघडते आणि दादा त्याच इंजिनावर जाणार होता.

जुलैत मी गळतीचं मूळ शोधण्यासाठी अर्ज केला. सभा भरली.

“अर्जदाराचा वय?” मुणगेकरांनी विचारलं. त्यांनी मला अंगणात उघडा फिरताना पाहिलेलं आहे.

“बावीस.”

“गळतीबाईंचा?”

“सत्तावीस.”

“शिक्षण?”

“डिप्लोमा, मेकॅनिकल. दुसऱ्या वर्षाला सोडला.”

“म्हणजे अर्धो इंजिनियर,” आबाकाका म्हणाले, आणि सगळे म्हातारे हसले. “मेल्या, कॉलेज अर्धा टाकून इलंस, आता बोट पण अर्धी करतलंस? सत्तावीस वर्सा त्या गळतत. कोणाचा काय वाईट झाला?”

“दादाचा हात.”

“हात भाजलो तो गरम इंजिनाक लावल्यान म्हणून. गळतीबाईंनी सांगल्यानी काय, हात लाव म्हणून?”

दादा मागच्या रांगेत उभा होता. पट्टी बांधलेला हात त्याने पाठीमागे घेतला. एकोणतीस वर्षांचा माणूस, पाच जणांचा जीव सांभाळणारा, आणि काकांनी तोंड उघडलं की शाळेत छडी खायला उभा असल्यासारखा.

शेवटी ठरलं ते असं. मी बघावं, हात लावू नये. सांडलेलं तेल पुसायला हरकत नाही, कारण सांडलेलं तेल गळतीबाईंचं राहत नाही. थेंब पडला. मुणगेकरांनी लिहून घेतलं.

गळती शोधण्यात जादू नसते. तेल खाली दिसतं, पण येतं वरून, आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे मागच्या जड चाकाच्या, वाऱ्याने भलतीकडे उडतं. सगळे म्हातारे सांगत होते, मागचं सील गेलंय. का, तर थेंब मागे पडतो. यांची अक्कल थेंब पडतो तिथेच संपते. मी तीन दिवस चिंध्यांनी इंजिन पुसलं. कोरडं केलं, त्यावर अंगाला लावायची पावडर मारली, इंजिन चालू केलं आणि बॅटरी घेऊन वाकून उभा राहिलो. पावडर जिथे आधी काळी पडेल तिथून तेल निघतं.

एका जागी नाही, सगळीकडे एकदम काळी पडली. मागचं सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, खालचा चेंबर. तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, तर बसल्या जागेवरून हळूहळू वर उठत होती. तेल भरायचं झाकण सैल केलं, तसं ते फट्‌ करून माझ्या कपाळावर बसलं. म्हणजे सील गेलं नव्हतं. इंजिनाच्या पोटात वाफ कोंडली होती आणि ती मिळेल त्या फटीतून तेल ढकलत होती. वाफ बाहेर जायला ब्रीदर नावाची एक नळी असते. बोटभर जाड, इंजिनाच्या डोक्यावर. मी मान वाकडी करून तिच्यात बघितलं. आत पांगाऱ्याच्या लाकडाचं बूच ठोकलेलं होतं. वर चिंधी गुंडाळलेली, काळीठिक्कर.

सोसायटीची जुनी वही कोणी उघडत नाही म्हणून ती कोणी लपवतही नाही. सत्तावीस वर्षांपूर्वीची नोंद मिळाली: ‘आज रोजी इंजिनाच्या पूजेप्रसंगी ब्रीदरमधून उडालेल्या तेलामुळे मा. आबासाहेबांचा पांढरा शर्ट खराब झाला. सबब ब्रीदरला बूच बसवण्यात आले. सर्वानुमते मंजूर.’ पुढच्या पानावर, दुसऱ्या दिवशीची: ‘गळती जन्मली.’

एका शर्टासाठी.

एकतीस जुलैला मी वही घेऊन दादाला इंजिनघरात बोलावलं. त्याने वाचली. पुन्हा वाचली.

“बूच गळतीबाईंपेक्षा एक दिवसाने मोठं आहे,” मी म्हटलं. “मला हात लावता येत नाही. तू एकोणतीसचा. तू नियमात बसतोस. काढ.”

“आबाकाकान बसवलेला आसा ता.”

“म्हणून?”

“म्हणून काय? त्यांका विचारूक व्हया.”

“दादा, उद्या तू जातोयस. ते नाही.”

“माका कळता, प्रण्या. ओरडा नको.”

“तुला कळतं ना, मग हात कशाला आहेत? एक भाजलास, दुसरा त्यांच्या पाया पडायला ठेवलायस?”

त्याने माझ्याकडे बघितलं. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो शिडी चढून वर गेला. मी बसलो. गळतीबाईंसमोर, सत्तावीस वर्षांच्या तेलात, चक्क मांडी घालून. पक्कड लावली आणि बूच उपटलं.

वाफेचा लांब सुस्कारा निघाला. खालच्या पत्र्यात एक थेंब पडला. अर्धा तास इंजिन चालवलं, दुसरा पडला नाही.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. गळतीबाई वारल्या, असं मुणगेकरांनी वाचून दाखवलं आणि दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मी आधीपासूनच उभा होतो.

“बूच कोणी काढला?” आबाकाकांनी विचारलं. बघत होते माझ्याकडेच. “लहान माणसान वडीलधाऱ्याक हात लावलो आसात, तर तेका बंदरात पाय ठेवूक गावाचो नाय. आणि त्याच्या घरच्या बोटीक पण.”

“मीया काढलंय,” मागून दादा म्हणाला.

सगळ्यांच्या माना वळल्या. त्याने पट्टी बांधलेला हात वर केला होता.

“तू?”

“माझा वय एकोणतीस. लिवा.”

मुणगेकरांनी नियम पाहिला. बोट धरून दोनदा वाचला. त्यात काही सापडलं नाही. आबाकाकांनी खिशाचं पेन काढलं आणि न उघडताच परत लावलं. आयुष्यात पहिल्यांदा दादा त्यांच्यासमोर उलट बोलला, आणि तेही खोटं. खरं बोलायला अजून किती वर्षं लागली असती कोण जाणे. मी त्याला कधी थँक्यू म्हटलं नाही.

मग रिकाम्या खुर्चीचा प्रश्न निघाला. वडीलधाऱ्याच्या जागी वडीलधारंच हवं. उपलब्ध सभासदांत गळतीबाईंहून एक दिवसाने ज्येष्ठ असं बूचच होतं. ते पुसून, नवी चिंधी गुंडाळून पहिल्या रांगेत बसवलं गेलं. अध्यक्षांनी त्याला हार घातला.

सातेरीप्रसाद सकाळी गेली. पाचव्या दिवशी दादाने धक्क्यावर उतरता उतरता सांगितलं, “डिपस्टिक होती थयच हा,” आणि बर्फाची पेटी माझ्या अंगावर टाकली. एवढंच.

त्याच दुपारी सोसायटीतून मला बोलावणं आलं.

आबाकाका अध्यक्षांच्या खुर्चीत ताठ बसले होते. पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली तेलाचा काळा डाग होता. पुसला की बगलेत दिसे, तिथून पुसला की कॉलरला. खुर्चीखाली मुणगेकरांनी पितळी ताट ठेवलं होतं. समोर बूच आपल्या जागेवर बसलेलं.

“बघ मरे जरा,” आबाकाका म्हणाले. आवाज बारीक झाला होता. “खयसून येता ता बघ. तू शिकलेलो आसस.”

“अर्धा,” मी म्हटलं. मग मुणगेकरांना विचारलं, “गळतीचं वय?”

त्यांनी वही पाहिली. “कालची. सकाळी जन्मली.”

“म्हणजे माझ्याहून लहान. तिला हात लावायला माझी हरकत नाही.”

“मग लाव ना, झिला!”

“पण ती तुमच्यात आहे आबाकाका, आणि तुम्ही त्रेसष्टचे. तुम्ही काही काम करता असं दाखवलंत, तर वय माफ होईल. ठराव आहे.”

मुणगेकर खाली बघू लागले. कोणी काहीच दाखवलं नाही.

त्यांच्यासमोर मला बसता येत नव्हतं. बुचासमोरही नाही. म्हणून मी आबाकाकांच्या मागे खुर्ची ओढली, म्हणजे बूचही त्यांच्याआड गेलं, आणि खालच्या ताटाकडे तोंड करून बसलो. गळती कालची पोर होती. तिच्यासमोर बसायला कोणाची परवानगी लागत नाही.

थेंब पडला. मुणगेकरांनी वहीत होकार लिहिला.