वाघमारे काकांचं भरलेलं सिलिंडर

कुणीही भेटलं की आमचे वाघमारे काका नमस्कार-चमत्कार न करता विचारायचे, "गॅस किती हाय?" जिन्यात भेटा, भाजीच्या गाडीवर भेटा, प्रश्न ठरलेला. एकदा चौथ्या मजल्यावर कुणाचे तरी सासरे वारले. काका भेटायला गेले, दोन मिनिटं गप्प बसले आणि उठता उठता सुनेला हळूच विचारून आलेच. नवीन भाडेकरू गोंधळून जायचा. आम्ही जुनी माणसं सरळ उत्तर द्यायचो, आठ दिवस जाईल काका. मग त्यांना बरं वाटायचं.

मोशीतल्या आमच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो तेव्हापासून काका तिथं होते. मूळचे परभणीकडचे. सगळी नोकरी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर झाली. लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचे, "शिफ्टमध्ये जमलं न्हाई." 

आता एकट्या माणसाला गॅस तो किती लागणार? दोन वेळचा वरणभात आणि जमेल तितका चहा. त्यात काकांकडे दोन सिलिंडर. म्हणजे एक कायम भरलेलं. वापरात असलेल्याला ते धाकटा म्हणत आणि भरलेल्याला थोरला. "थोरला बसून हाय घरी," असं ते शेजाऱ्यांना सांगायचे, जणू नोकरी नसलेल्या मुलाला कुठंतरी चिकटवायचं आहे.

पण खरं तर थोरला घरी कमीच बसायचा. गॅस काही सांगून संपत नाही. तो बरोबर पाहुणे पानावर बसले की संपतो. आमच्याकडे संपला तो दिवाळीच्या तोंडावर. कढईत चकल्या, तेल कडकडीत, आणि जाळ गेला. मी नवऱ्याला हाक मारण्याआधी मुलीला काकांकडे पिटाळलं. काका सिलिंडर बुडाच्या कडेवर फिरवत, गडगडाट करत आले. रेग्युलेटर बसवला, साबणाचा फेस लावून गळती तपासली, शेगडी पेटवली, आणि आमचं रिकामं सिलिंडर बोटानं वाजवून, डोळे मिटून डॉक्टरसारखं ऐकलं. मग म्हणाले, "ह्याच्यात काल सकाळीच फारसं राह्यलं नव्हतं ताई. मला विचारायचं." त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, चुलीला ताटकळत ठेवू नये.

उसनं सिलिंडर नेणाऱ्याला काकांची एकच अट असायची. थोरल्यावर जे पहिलं शिजेल त्यातलं वाटीभर त्यांना पोचलं पाहिजे. पैशाचं नाव काढलं तर ते रागवायचे. वाटी विसरलात तर मात्र दुसऱ्या दिवशी दारात उभे. या हिशेबानं त्यांनी आमच्या तिन्ही विंगांमधलं सगळं खाल्लं. कोकणातल्या राणे वहिनींचं माशाचं कालवण, नागपूरकडच्यांचं झणझणीत सावजी, बिहारहून आलेल्या एका कुटुंबाचा लिट्टी-चोखा. कुणाचं मीठ जास्त, कुणाच्या घरात सध्या भांडण चालू आहे, सगळं त्यांना वाटीतून कळायचं. वाटी द्यायला गेलेलं माणूसही लगेच परत येत नसे. अर्धा तास तर सहज बसायचं.

मग पाइपचा गॅस आला.

सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी हात वर केले. आता नंबर लावायला नको, गाडीची वाट बघायला नको. एकटे काका उभे राहिले आणि म्हणाले, आपल्या नळाला एक दिवसाआड पाणी येतं, त्या नळातून गॅस रोज येईल हे कुणी सांगितलं? लोक हसले. अध्यक्षांनी समजावलं, की काका, तो नळ वेगळा. काका म्हणाले, "जे उचलून बघता येत न्हाई त्याचा भरवसा काय?" त्यावरही लोक हसले आणि ठराव पास झाला.

पाइपवाल्यांनी काकांच्याही स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पाइप आणून ठेवला. काकांनी त्यावर टॉवेल वाळत घातला. कनेक्शन घ्यायचं तर सिलिंडर परत करावं लागणार होतं आणि काका थोरल्याला सोडायला तयार नव्हते. बाकी मात्र त्यांनी कुणाच्या कामात खोडा घातला नाही. उलट घरोघरी शेगड्यांचे जेट बदलायला माणसं आली तेव्हा काका प्रत्येक ओट्याशी हजर. पाइपच्या गॅसला जेट मोठ्या भोकाचा लागतो, तो नीट बसला की नाही हे ते चष्मा कपाळावर चढवून बघत होते. एकेका घरातून सिलिंडर उतरत गेलं. काका खाली गेटपर्यंत जाऊन त्याला टेम्पोत चढवून यायचे.

त्यानंतर काकांचं दार वाजायचं बंद झालं. कुणी ठरवून केलं नाही, पण झालं खरं. सवयीनं ते जिन्यात विचारायचे, गॅस किती आहे. मी म्हणायचे, "आता संपतच नाही हो काका." यावर ते एकदा पायरीवरच थांबले. "असं कसं," म्हणाले, "संपायला पाहिजे."

मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर मलाही वाटायला लागलं, की संपायला पाहिजे. चाकणहून कंपनीच्या बसनं घरी यावं, दार लावावं, कुकर लावावा, कुणाकडे काही मागायला जायची गरज नाही. राणे वहिनींच्या घरात मी दोन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. त्यांच्या कालवणाची चव आठवायची, आणि त्या तर समोरच राहत होत्या.

परवाच्या रविवारी बाहेर रस्त्याचं काम करणाऱ्या जेसीबीनं गॅसची लाइन तोडली. सकाळीच सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला, गॅस बंद, कधी येईल सांगता येत नाही. मी बाहेर डोकावले तर काकांचं दार सताड उघडं. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसलेले. शेजारी थोरला, ओल्या फडक्यानं पुसून लख्ख.

दुपार झाली. कुणी इंडक्शन शेगडी काढली, बाकीच्यांनी फोनवरून जेवण मागवलं. डिलिव्हरीवाले पिशव्या घेऊन काकांच्या दारावरून वर जात होते आणि फ्लॅटचा नंबर सापडला नाही की काकांनाच विचारत होते. काका खुर्चीतून उठून रस्ता दाखवत होते. आमच्याकडेही बिर्याणी आली. मला ती गिळवेना.

संध्याकाळी मी गेले. म्हटलं, काका, गॅस संपलाय, थोरल्याला न्यायला आले.

काका ताडकन उठले. सिलिंडर तिरकं केलं, कडेवर फिरवत दारापर्यंत आणलं आणि उंबऱ्यापाशी थांबले. हळूच ते पुन्हा सरळ उभं केलं.

"ताई, तुमचा जेट बदललाय. ह्याला तुमची शेगडी जोडली तर जाळ हातभर उसळंल."

मला ते ठाऊक होतं. त्यांना तर सकाळपासून ठाऊक होतं, जेट बदलताना ते स्वतः उभे होते. थोरल्याचा आता कुणाला काहीच उपयोग नव्हता.

"मग दिवसभर दार उघडं ठेवून कशाला बसलात?" मी विचारलं.

काकांनी सिलिंडरवरून हात फिरवला. "द्यायचं न्हवतंच," म्हणाले. "मागायला येईल कुणीतरी, असं वाटलं."

 मी घरी गेले, बेसन, कांदे आणि भाकरीचं पीठ घेऊन परत आले आणि काकांच्याच ओट्यावर पिठलं टाकलं. काका कांदा चिरत बसले. नागपूरकडची मंडळी कुठं बदलून गेली, राणे वहिनींचे गुडघे कसे आहेत, माझी मुलगी आता कितवीला आहे, इतक्या दिवसांचं साठलेलं ते विचारत राहिले. पहिली भाकरी त्यांच्या ताटात पडली तेव्हा माझा फोन वाजला, आणि त्याच क्षणी त्यांच्या खिशातला. ग्रुपवर निरोप होता, लाइन जोडली, गॅस सुरू झाला.

काकांनी चष्मा लावला, निरोप सावकाश वाचला आणि फोन खिशात ठेवला.

"लाइन कधी येईल म्हणालेत?" त्यांनी विचारलं.

"आज काही नाही काका. उद्या दुपारपर्यंत तरी नाही."

"मग सकाळचा चहा पण इकडंच टाका," काका म्हणाले, आणि त्यांनी दुसरा कांदा चिरायला घेतला.