हिरवा दिवा आणि जनरल कोंबडा

पवित्र सप्ताहातल्या बुधवारी, दुपारी चार वाजता, आमच्या चर्चमधल्या पापनिवेदनाच्या पेटीवरचा हिरवा दिवा लागला. आत फादर नव्हते. मी होतो.

मी सुतार. अख्ख्या डोंगरात माझ्यासारखा रंधा मारणारा नाही! आणि ही जोडणी तर माझ्याच डोक्यातली. फादर आतल्या खुर्चीत बसले की बाहेर दिवा लागतो, उठले की विझतो. खुर्ची कुरकुरते, अशी त्यांची तक्रार आली. ते पलीकडच्या वाडीत आजाऱ्याला पवित्र तेल लावायला गेले होते, तेवढ्यात मी खुर्चीचा पाय ठोकून घट्ट केला आणि बसून पाहिलं. कुरकूर बंद!

आणि जाळीपलीकडे कुणीतरी गुडघे टेकले.

“आशीर्वाद द्या फादर, मी पाप केलंय.”

घरात रोज माझा उद्धार करणारा तोच आवाज! दोन्या एदुविहेस, माझ्या सासूबाई. संध्याकाळच्या बसनं त्या शहरातल्या दवाखान्यात निघाल्या होत्या. हृदयाचं ऑपरेशन.

“जावयाचा झुंजीचा कोंबडा, जनरल, तो कोल्ह्यानं नेला नाही. मीच नाताळच्या टमालेसमध्ये, मक्याच्या पिठात सारण म्हणून भरून घातला. मेला मध्यरात्री आरवायचा! आणि जावई त्याच्या नावानं रडत रडत ताटभर टमालेस खाऊन उठला.”

माझ्या डोक्याची उकळती कढई झाली. पण पुढचा आवाज कापरा आला.

“उद्या माझी छाती उघडणार आहेत, फादर. एवढं ओझं उतरवा.”

कोंबडा मी तिथल्या तिथे माफ केला. पण सुताराच्या माफीनं सासूबाईंच्या आत्म्याचं काय भागणार? पापक्षमा फादरांनीच द्यायची. ते शब्द मी उच्चारले असते, तर जनरलची अख्खी पलटण चोरण्याहून मोठं पाप झालं असतं. आणि ‘सासूबाई, मी आहे’ म्हणालो असतो, तर ऑपरेशनची गरजच उरली नसती!

मी आवाज जाड केला. “बाई, ही क्षमा माझ्याच्यानं होणार नाही.”

“एका कोंबड्यापायी?”

“माझ्या हातात नाही ते.”

“म्हणजे थेट रोमला लिहायचं? माझी बस सुटायला आली हो!”

हुंदका देत त्या उठल्या. मी फटीतून पाहिलं. दिवा बघून बाहेर रांग लागली होती!

“काय गं झालं?”

“क्षमा नाकारली!”

“अगंबाई! केलंस तरी काय एवढं?”

“शहरातले पाहुणे फादर आलेले दिसतात,” दुसरी कुजबुजली. “फार कडक असतात म्हणे.”

सासूबाई डोळे पुशीत बसकडे गेल्या. आता एकच आशा होती, आमचे फादर परत येण्याची. ते आले. दिवा पाहिला, रांग पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. स्वतःच्या पापांची क्षमा त्यांना स्वतःला देता येत नाही. त्यासाठी दुसरा धर्मगुरू लागतो आणि तो या डोंगरात वर्षातून एकदाच चढतो. बायकांनी त्यांना वाट करून दिली. मी तोंड उघडेपर्यंत जाळीपलीकडे ओळखीचा खोकला आला.

“फादर, जड आहे ते आधी सांगतो. दोन्या एदुविहेसच्या टमालेसमध्ये सुताराचा जनरल होता. दाताखाली झुंजीच्या कोंबड्याची नखी आली, तेव्हाच मला कळलं. तरी मी आणखी दोन मागून घेतले.”

“फादर,” मी म्हणालो, “मी सुतार.”

पलीकडे पुन्हा तोच खोकला. मग हळूच, “झाले मात्र चविष्ट होते रे.”

“ते राहू द्या! सासूबाई क्षमेवाचून निघाल्यात. पळा!”

शेवटची खबर दारातल्या बायकांनी ओरडून दिली ती अशी: बस चौकातून सुटली आहे, फादर झगा गुडघ्यापर्यंत उचलून तिच्यामागे धावताहेत आणि सासूबाई खिडकीतून त्यांना हात हलवून निरोप देताहेत. बस गाठली की नाही, ते कळलेलं नाही.

मी खुर्चीतून उठलेलो नाही. उठलो की दिवा विझतो. आणि रांगेत आता पहिली उभी आहे माझी बायको. तिच्या आईला क्षमा नाकारणारा कोण, ते बघायला ती बाह्या सारून आली आहे.