बारा प्रकरणांची पंगत

कुमुदआत्याच्या पुस्तकाची बारा प्रकरणं शनिवारी सकाळी तिच्या पुढच्या खोलीत येऊन बसली, कारण आवाजाच्या फायली एकत्र जोडायच्या तर त्यांची समक्ष संमती लागते. चहा कुणीच घेतला नाही.

पुस्तक आत्याच्या मिरजेतल्या खानावळीचं. सगळी प्रकरणं तिने स्वतः वाचून रेकॉर्ड केली होती, आणि त्यानंतर घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेला. आता तिला आपलं पुस्तक सलग ऐकायचं होतं. तुकडे नकोत, एकच फाईल. अडचण एवढीच, की न जुळलेली प्रकरणं दिवेलागणीनंतर थांबत नाहीत. एकदा गेली की गेली, आणि पुन्हा वाचायला आवाज होता कुठे?

मी लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर जोडणीचा एका ओळीचा हुकूम लिहिला. लॅपटॉपने पुकारा केला: एक, दहा, अकरा, बारा, दोन.

“थांब!” दुसरं प्रकरण कडाडलं. आवाज आत्याचाच, सगळीच तिच्या आवाजात बोलत होती. “हे दहावं माझ्या आधी कसं? मी नाही बसणार.”

“लॅपटॉप फायलीच्या नावातला पहिला आकडा बघतो,” मी म्हणाले. “दहाच्या सुरुवातीला एक आहे ना.”

“म्हणजे पुढे एक लावून आलं की कुणीही मानाच्या पाटावर?”

“मला पुकारलंय,” दहावं प्रकरण म्हणालं. “आता मी उठायची नाही.”

यांच्यापेक्षा लग्नातले रुसलेले मामा परवडले. मी तोडगा काढला. एक ते नऊ या आकड्यांच्या आधी एकेक शून्य लावायचं. मग शून्यवाले क्रमाने आधी पुकारले जातील, आणि दहा, अकरा, बारा आपोआप शेवटी जातील.

“शून्य?” नववं प्रकरण म्हणालं. “चारू, एवढीच किंमत केलीस आमची?” आणि नऊच्या नऊ प्रकरणं चपला शोधायला उठली.

आत्या इतका वेळ कोपऱ्यात बसून स्वतःचाच आवाज चहूबाजूंनी भांडताना ऐकत होती. तिला हसू येत होतं, याचा मला रागच आला. मग ती स्वयंपाकघरात गेली, स्टीलच्या वाट्यांची चळत घेऊन आली, आणि त्या नऊजणांपुढे एकेक रिकामी वाटी ठेवत गेली.

चपला सोडून नऊही प्रकरणं वाट्यांकडे वळली. आत्याच्या खानावळीत एरवी ताटात वाटी एकच, आमटीची. दुसरी, रिकामी वाटी पुढे आली की समजायचं, आज बासुंदी. चौथ्या प्रकरणात हे सगळं सविस्तर आहे, आणि चौथ्यानेच आधी मांडी घातली.

“मग असं सांगायचं ना,” दुसरं प्रकरण म्हणालं. “शून्य काय म्हणतेस!”

“आणि आम्हाला?” दहाव्याने विचारलं. आत्याने हाताने खूण केली: दुसऱ्या पंगतीला.

“चालेल. दुसऱ्या पंगतीला घट्ट असते.”

मी नऊ शून्यं लावली आणि हुकूम पुन्हा दिला. एकापासून बारापर्यंत कुणी हूं की चूं केलं नाही. ज्याचा पुकारा होई ते उठे आणि गुमान लॅपटॉपमध्ये जाई. उन्हं अजून अंगणात होती. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच जमिनीवर आडवी झाले.

आत्याने फाईल लावली. तिचा आवाज सुरू झाला तो थांबला नाही; कुठे खरखर नाही, कुठे सांधा नाही. ती जेवायलाही उठली नाही. पदराने डोळे पुसत, मधेच स्वतःच्या विनोदावर मान डोलवत ऐकत राहिली. शेवटचं वाक्य संपलं. आणि मग त्याच फायलीतून तिचा आवाज आला, “वाट्या तेवढ्या मांडल्यात. बासुंदीचं काय?”

आत्याने गॅसवर दूध चढवलं, आणि माझ्या हातात पिशवी देऊन आणखी दूध आणायला पिटाळलं. दुसरी पंगत अजून व्हायची होती.